दहा मीटर एअर रायफल: तुमच्या बॅरलला कोणता पेलेट लागू पडतो, ते शोधायची रीत

ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठल्याही रेंजवर जा, स्पर्धा तोंडावर आली की एअर रायफलच्या शिशाच्या बारक्या गोळ्यांबद्दल, म्हणजे पेलेटबद्दल, एकच प्रश्न ऐकू येतो: "सगळ्यात चांगले पेलेट कोणते?" मग गेल्या वेळी ज्याचा स्कोअर सगळ्यात वर होता त्याच्या डब्याचा फोटो निघतो, पालकांच्या ग्रुपवर फिरतो आणि आठवड्याभरात चार घरांत तोच ब्रँड, तेच माप येऊन पडतं. एखाद्या मुलाला फरक पडतो, दोघांना काहीच जाणवत नाही आणि चौथ्याचा स्कोअर खाली येतो. खापर मात्र त्याच्या होल्डवर, म्हणजे रायफल धरण्यावर, फुटतं.

पेलेटची निवड बॅरल करतं. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन बॅरलं आतून तंतोतंत सारखी नसतात. पेलेटचे साचे झिजतात, बदलले जातात, त्यामुळे एकाच नावाचे दोन लॉटही (एका वेळी बनलेला माल म्हणजे एक लॉट) वेगळे वागतात. म्हणून आपल्या बॅरलसाठी आपणच चाचणी घ्यावी लागते. ही चाचणी बरेच जण घेतात, पण क्रम चुकवतात, आणि चुकीच्या क्रमाने मिळालेलं उत्तर उत्तर नसल्यापेक्षा वाईट असतं, कारण त्यावर भरवसा ठेवून पैसे खर्च होतात.

इथे दिलेली रीत ४.५ मिमीच्या, सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच रायफलसाठी आहे.

## आधी बघा: एवढा खटाटोप आत्ता तुमच्या कामाचा आहे का?

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमी व्यासाचा असतो. पेलेटची कड त्याला शिवली की १०.०, म्हणजे पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत हवं. तिथून आत प्रत्येक ०.२५ मिमीला एक दशांश वाढतो. १०.९ साठी केंद्र ०.२५ मिमीच्या आत लागतं.

आता समजा तुमच्या बॅरलमधून एका लॉटचे पेलेट १.५ मिमीच्या विस्तारात जातात आणि दुसऱ्याचे २.५ मिमीच्या. (विस्तार नेहमी सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधला मोजायचा.) शूटरचा स्वतःचा विस्तार ८ मिमी असेल, तर दोन्ही मिळून होणारा विस्तार अनुक्रमे ८.१ आणि ८.४ मिमीच्या आसपास येतो. विस्तारांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते, म्हणून मोठी चूक लहान चुकीला गिळून टाकते. हाच शूटर ३ मिमीत मारणारा असेल, तर आकडे ३.४ आणि ३.९ होतात. तिथे हा फरक फायनलमध्ये जागा देणारा किंवा घालवणारा ठरतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मूल अजून आठ-नऊच्या वर्तुळांत फिरत असेल, तर एका बऱ्या मॅच पेलेटचा एकच लॉट घ्या आणि वेळ पोझिशनवर घालवा. शॉट सातत्याने दहाच्या आसपास पडायला लागले की पुढचं वाचा.

## पायरी १: जागा आणि परवानगी

चाचणी रेंजवरच घ्या. सोसायटीचं पार्किंग, गच्ची, जिन्याखालचा बोळ यांपैकी काहीही चालणार नाही. ४.५ मिमी बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही, पण म्हणून ती कुठेही चालवावी असं होत नाही. या पेलेटने डोळा जाऊ शकतो.

रेंज चालवणाऱ्यांशी आधी बोला आणि इतर शूटर नसतील अशी वेळ मागा. तीन-चार तास सलग हवेत. संध्याकाळच्या बॅचच्या मधल्या अर्ध्या तासात उरकायचं म्हटलं की क्रम मोडतो.

लेन निवडताना पंखा आणि एसीचा झोत बघा. पेलेट सेकंदाला १७० ते १७५ मीटरच्या आसपास वेगाने निघतो आणि वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. लेनच्या मध्यावर आडवा झोत असेल, तर तो ग्रुपला, म्हणजे कार्डावर पडलेल्या छिद्रांच्या पुंजक्याला, बाजूला ढकलतो. पंखे बंद करा. पत्र्याच्या शेडमधल्या रेंजवर एप्रिल-मे महिन्यांत ते शक्य होत नाही, तर सकाळी लवकरची वेळ घ्या.

तपासा: लेनच्या मध्यावर शिवणाच्या धाग्याचा तुकडा लोंबकळत ठेवा. तो हलत असेल तर अजून झोत आहे. शूटिंग सुरू करण्याआधी धागा काढा.

## पायरी २: पेलेट गोळा करणं

मॅच रायफलचे पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात. पिस्तुलासाठीचे ०.४५ ग्रॅमच्या आसपासचे हलके पेलेट वेगळे, ते यात मिसळू नका. डब्यावर डोक्याचं माप छापलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१ असं. एच अँड एन फिनाले मॅच, आरडब्ल्यूएस आर१०, जेएसबी मॅच ही नावं तुम्हाला इथे जास्त दिसतील.

नवशिक्यांची चूक अशी की ते फक्त ब्रँड आणि माप बघतात. डबा उलटा करा. मागच्या स्टिकरवर लॉटचा क्रमांक असतो आणि तुमची चाचणी त्या क्रमांकाची असते. ४.५० चा एक लॉट उत्तम गेला म्हणून ४.५० चा दुसराही जाईल, असं गृहीत धरता येत नाही.

सहा ते आठ लॉट पुरे. प्रत्येकाचे किमान ८० पेलेट लागतील. तेवढ्यासाठी ५०० चा डबा विकत घ्यायची गरज नाही. चार-पाच घरांनी मिळून आपापल्या डब्यांतले पेलेट एकमेकांना द्यावेत. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप फोटो फिरवण्यापेक्षा या कामाला फार उपयोगी पडतो. देताना छोट्या घट्ट झाकणाच्या डब्या वापरा, प्रत्येकीवर ब्रँड, माप आणि लॉट क्रमांक लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत भरून लोकलने आणलेले पेलेट चाचणीला घेऊ नका. ठाणे ते वाशी एवढ्या धक्क्यांतही मागची पातळ कड वाकते.

ती कड, म्हणजे पेलेटचा स्कर्ट, एकदा भिंगाखाली नीट बघाच. चांगला पेलेट मागून पूर्ण गोल दिसतो, कड सगळीकडे सारखी जाड. खराब झालेल्यात एका बाजूला बारीक चपटेपणा असतो, इतका की नुसत्या डोळ्याला तो फक्त प्रकाशाची रेघ तुटल्यासारखा दिसतो. असा पेलेट बाजूला काढा. शिशाचा चुरा किंवा कपची चिकटलेलेही काढा.

वजन करून पेलेट वेगळे काढावेत का, असं बरेच जण विचारतात. त्यासाठी सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो, तास जातात, आणि एकाच मॅच लॉटमध्ये हाती फारसं लागत नाही. मी ते करत नाही आणि कुणाला सांगतही नाही.

सावधान: पेलेट शिशाचे असतात. तोंडात धरू नका, चाचणीदरम्यान वडापाव खाऊ नका, काम झालं की साबणाने हात धुवा. ट्रॅपमागची (टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीमागची) धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि हे काम लहान मुलांना देऊ नका.

## पायरी ३: रायफल तयार करणं

इथे घाई केली की पुढचे सगळे आकडे वाया.

बॅरल. फेल्टने, दोरीने ओढून, ब्रीचकडून (पेलेट भरायच्या टोकाकडून) मझलकडे (पेलेट बाहेर पडायच्या टोकाकडे) एकाच दिशेने साफ करा. फेल्ट बऱ्यापैकी स्वच्छ निघेपर्यंतच, त्यापुढे घासत बसू नका. साफ केल्यावर बॅरल लगेच खरं वागत नाही. आतल्या पृष्ठभागावर शिशाचा पातळ थर बसेपर्यंत ग्रुप पसरलेला दिसतो. म्हणून आधी २० ते ३० शॉट नेहमीच्या पेलेटने मारून टाका, ते मोजायचे नाहीत. चाचणीच्या मधेच बॅरल साफ करणं ही नेहमी घडणारी चूक आहे. तसं केल्यावर ज्या लॉटची पाळी येते तो बिचारा विनाकारण बाद होतो.

स्क्रू. सिस्टिमचे (स्टॉक सोडून उरलेल्या यंत्रणेचे), बॅरलचे, साइटचे (नेम धरायच्या भागाचे) सगळे स्क्रू मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने तपासा. अंदाजाने ॲलन की आवळू नका. सैल स्क्रूचा ग्रुप फसवा असतो: दोन वेगवेगळे पुंजके दिसतात आणि माणूस पेलेटला दोष देतो.

हवा. सिलिंडरची मुदत बघा, तारीख त्यावरच कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर भरायचाच नाही. भरल्यावर तो गरम होतो, थंड होईपर्यंत थांबा. २०० बारचा सिलिंडर तळाशी जाईपर्यंत वापरू नका. दाब मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या बराच वर असताना पुन्हा भरा, आणि प्रत्येक वेळी त्याच आकड्यापर्यंत. आपल्या दमट हवेत हातपंपाने भरत असाल तर पंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर बदललेला हवा, नाहीतर पाणी रेग्युलेटरपर्यंत, म्हणजे प्रत्येक शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतं.

सावधान: सिलिंडरच्या तोंडाला किंवा भरण्याच्या नोझलला तेल, ग्रीस लावू नका. जास्त दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं.

रेग्युलेटर एवढा महत्त्वाचा का, याचा हिशेब छोटा आहे. दहा मीटर जाईपर्यंत पेलेट गुरुत्वाकर्षणामुळे साधारण १६ ते १७ मिमी खाली येतो. वेग एक टक्का बदलला तर हा आकडा दोन टक्क्यांनी, म्हणजे ०.३३ मिमीच्या आसपास बदलतो. एक दशांश ०.२५ मिमीचा आहे. म्हणजे वेगातला एक टक्क्याचा फरक शूटरच्या हातून काहीही न चुकता दशांशापेक्षा जास्त घेऊन जातो. रेंजवर क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर आधी नेहमीच्या पेलेटचे दहा वेग घ्या. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत सेकंदाला पाच मीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर पेलेटची चाचणी थांबवा आणि रायफल सर्व्हिसला द्या.

## पायरी ४: रायफल पकडणं

माणसाच्या हातात रायफल असताना पेलेटची चाचणी होत नाही. तुमच्या होल्डचा विस्तार पेलेटच्या विस्ताराला झाकून टाकतो, हे वर पाहिलंच.

उत्तम मार्ग म्हणजे स्टॉक (खांद्याला लावायचा दस्ता) काढून सिस्टिम वाइसमध्ये, म्हणजे जबड्यांच्या शिकंज्यात, धरणं. स्टॉक काढणं कोच किंवा रायफलचं काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्या. वाइस जड टेबलाला बोल्टने बसवलेला हवा आणि टेबल भिंतीला किंवा जमिनीला पक्कं. जबड्यांना चामडं लावा. पकड सिस्टिमच्या ठोकळ्यावर यायला हवी. बॅरल कधीही आवळू नका, ते वाकवल्यासारखं होतं. सिलिंडर तर अजिबात नाही.

वाइस नसेल तर पुढे-मागे वाळूच्या पिशव्या ठेवून, टेबलावर, दुर्बीण लावून चाचणी घेता येते. त्यातून वाईट लॉट बाद करता येतील, पण शेवटच्या दोन-तीन चांगल्यांत निवड करता येणार नाही. हे मान्य करूनच तो मार्ग घ्या.

तपासा: सिस्टिमवर साधा लेझर पॉइंटर पट्टीने घट्ट बांधा आणि टार्गेटच्या भिंतीवर त्याचा ठिपका कुठे पडतो तिथे पेन्सिलीने खूण करा. कोरडा ट्रिगर दाबा, ब्रीच उघडा, बंद करा. प्रत्येक वेळी ठिपका खुणेवर परत आला पाहिजे. नाही आला तर वाइस किंवा टेबल हलतंय. हे जमेपर्यंत एकही पेलेट भरू नका. खात्री झाली की पॉइंटर काढा आणि तपासणीच्या वेळी भिंतीसमोर कुणी उभं राहू देऊ नका.

## पायरी ५: पायाचा ग्रुप

आता तुमच्या नेहमीच्या लॉटने दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप मारा. प्रत्येक ग्रुपला नवा कार्ड. वाइस असल्यामुळे नेम काळ्यावर असायची गरज नाही, उलट कार्डाची कोरी पाठ वापरली तर मोजणं सोपं जातं. कागद मात्र टार्गेटचाच घ्या. वहीचा कागद फाटतो आणि कड कळत नाही. मागे जाड पुठ्ठा घट्ट चिकटवा.

मोजायची पद्धत अशी. कार्ड सपाट टेबलावर ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या. छिद्राभोवती पेलेटने सोडलेली करडी कड दिसते. कागद आत ओढला जातो म्हणून छिद्र पेलेटपेक्षा लहान दिसतं, पण ही करडी कड पेलेटचं खरं माप सांगते. व्हर्निअरचे जबडे सगळ्यात लांबच्या दोन करड्या कडांवर बाहेरून अलगद टेकवा, कागद दाबू नका. आलेल्या आकड्यातून ४.५ वजा करा. ६.० आला तर विस्तार १.५ मिमी. कार्ड नव्वद अंशांत फिरवून पुन्हा मोजा आणि मोठा आकडा लिहा. एकाच माणसाने सगळे कार्ड मोजावेत.

तिन्ही ग्रुप एकमेकांच्या जवळपास आले पाहिजेत. एक १.५ आणि दुसरा ३ मिमी आला, तर पेलेटकडे जाऊ नका, पायरी ३ आणि ४ कडे परत जा.

ग्रुपचा आकारही वाचा. उभा लांबट असेल तर वेगात फरक आहे: रेग्युलेटर, दाब किंवा ओलावा. आडवा असेल तर पंख्याचा झोत किंवा वाइस. दोन वेगळे पुंजके असतील तर सैल स्क्रू, किंवा दोन लॉट मिसळले गेलेत.

## पायरी ६: चाळणी

आता नवे लॉट एकेक करून. लॉट बदलला की पहिले दहा शॉट बाजूच्या कार्डावर मारून टाका, कारण मागच्या पेलेटचा थर आणि त्यावरचं वंगण बॅरलमध्ये राहिलेलं असतं. मग दहा शॉटचा एक ग्रुप. सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण), रायफल मोकळी, कार्ड बदला, कार्डावर लगेच लॉट क्रमांक, ग्रुपचा नंबर, दाबाचा आकडा आणि वेळ लिहा. "नंतर लिहू" म्हणून साठलेले आठ कोरे कार्ड मी बऱ्याच टेबलांवर पाहिलेत. त्यांचा उपयोग शून्य.

पेलेट भरतानाही हात एकसारखा ठेवा. बोटाने ढकलताना तो किती सहज बसतो ते जाणवतं: काही अगदी सैल घसरतात, काही कडक बसतात. ही जाणीव लिहून ठेवा, पण तिच्यावरून निर्णय घेऊ नका. सैल वाटणारा पेलेटही उत्तम ग्रुप देऊ शकतो.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाच शॉटचा ग्रुप. पाच शॉटचा ग्रुप कायम सुंदर दिसतो. तीच रायफल, तोच पेलेट, दहा शॉट मारले तर ग्रुप सरासरी पाव पटीने मोठा होतो, कारण जितके जास्त शॉट तितकी टोकाच्या शॉटची शक्यता जास्त. एका लॉटचे पाच आणि दुसऱ्याचे दहा अशी तुलना तर कधीच करू नका.

दहा शॉटचा ग्रुपही प्रत्येक वेळी वीसेक टक्के वर-खाली होतो, काहीही न बदलता. म्हणजे एका लॉटचा १.५ आणि दुसऱ्याचा १.७ आला, तर त्या दोघांत काहीही सिद्ध झालेलं नाही. म्हणून या पायरीवर विजेता निवडायचा नाही. फक्त जे स्पष्टपणे मागे आहेत ते काढा आणि चांगले तीन ठेवा. नेहमीचा लॉट त्या तिघांत नसेल तर तोही चौथा म्हणून ठेवा, तुलनेला लागेल.

एखादा शॉट लांब गेला तर "तो मोजू नकोस" म्हणायचा मोह होतो. वाइसमध्ये माणसाची चूक होत नसते. भरताना पेलेट वाकला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल, आणि ते शॉट मारायच्या आधी बोलून दाखवलं असेल, तरच तो सोडा. नाहीतर मोजा. स्पर्धेत तोच शॉट ८.७ म्हणून पडणार आहे.

## पायरी ७: शेवटची फेरी

तीन लॉटना क, ख, ग म्हणा. क्रम असा ठेवा: क ख ग, मग ग ख क, मग क ख ग, मग ग ख क. नेहमीचा लॉट चौथा म्हणून ठेवला असेल तर तोही याच उलटसुलट क्रमात घाला. प्रत्येक वेळी पाच शॉट सोडून द्या, मग दहाचा ग्रुप. दर फेरीआधी सिलिंडर त्याच आकड्यापर्यंत भरा आणि थंड होऊ द्या.

उलटसुलट क्रम कशासाठी? दुपार चढते, शेड तापतं, फेरीत दाब उतरत जातो. एकाच क्रमाने गेलात तर पहिल्या लॉटला नेहमी चांगली परिस्थिती आणि शेवटच्याला नेहमी वाईट मिळेल, आणि तुम्ही पेलेटऐवजी दुपारची परीक्षा घेऊन बसाल.

प्रत्येक लॉटचे चार आकडे झाले की दोन गोष्टी काढा: चारांची सरासरी आणि चारांतला सगळ्यात मोठा ग्रुप. सरासरी साधारण सारखी असेल, तर ज्याचा मोठ्यात मोठा ग्रुप लहान तो घ्या. लोक याच्या बरोबर उलट करतात: सगळ्यात छोटा एक ग्रुप दिला त्या लॉटच्या प्रेमात पडतात आणि त्याच कार्डाचा फोटो काढतात. पण साठ शॉटच्या मॅचमध्ये सगळे साठ मोजले जातात.

रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल आणि ते प्रत्येक शॉटचे आडवे-उभे आकडे दाखवत असेल, तर ते उतरवून घ्या. सगळ्या शॉटच्या सरासरी केंद्रापासून प्रत्येक शॉट किती लांब, त्याची सरासरी काढली तर ती टोकाच्या दोन छिद्रांपेक्षा जास्त भरवशाची असते, कारण तिच्यात दहाच्या दहा शॉटचा वाटा असतो. कागदावर दहा शॉट एकमेकांवर पडून एकच भोक होतं, तिथे हे जमत नाही.

शेवटी पायाच्या, म्हणजे नेहमीच्या, लॉटचा आणखी एक ग्रुप मारा. तो सकाळच्या ग्रुपांशी जुळला पाहिजे. खूप बिघडला असेल तर मधे काहीतरी सैल झालं आहे आणि शेवटची फेरी पुन्हा करावी लागेल. त्या दिवशी ते ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण दुसरा इलाज नाही.

तिन्ही लॉट सारखेच निघाले तर? मग स्वस्त मिळेल तो किंवा भरपूर साठा असेल तो घ्या. हेही एक चांगलं उत्तर आहे.

## पायरी ८: पोझिशनमध्ये पडताळणी

रायफल स्टॉकमध्ये परत बसवा, स्क्रू टॉर्कने आवळा, साइट पुन्हा लावून घ्या. लॉट बदलला की ग्रुपचं केंद्र सरकतं, त्यामुळे साइटच्या जुन्या क्लिकवर (जुन्या सेटिंगवर) नव्या पेलेटने पहिला शॉट नऊला गेला तर घाबरू नका.

शूटरला न सांगता दोन सारख्या डब्यांत जुना आणि निवडलेला लॉट द्या, कोणता कोणता ते कोच किंवा पालकच जाणतील. वीस-वीस शॉट, दोन वेगळ्या दिवशी. नाव माहीत असेल तर "नव्या भारी पेलेट"ने मूल जास्त काळजीपूर्वक मारतं आणि स्कोअर वाढतो. ती वाढ पेलेटची नसते.

वाइसचा निकाल इथे उलटवायचा नाही. पोझिशनमध्ये नवा लॉट वाईट वाटला तर आधी साइट, चीकपीसचा (गाल टेकायच्या भागाचा) दाब, बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) बघा.

## पायरी ९: खरेदी आणि साठवण

निकाल लागला की त्याच आठवड्यात दुकानदाराशी बोला. आयात माल असल्यामुळे आज दिसणारा लॉट पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. लॉट क्रमांक सांगून मागा आणि डबे ताब्यात घेताना प्रत्येक डब्याचा क्रमांक स्वतः वाचा. पाचातला एक डबा वेगळ्या लॉटचा निघणं नेहमीचं आहे.

किती घ्यायचे? मोसमातल्या सगळ्या स्पर्धा, प्रत्येकीचे साठ शॉट, सायटर (आधी मारायचे, न मोजले जाणारे शॉट), आणि आधीच्या दोन-तीन आठवड्यांचा सराव, एवढा हिशेब करा. रोजच्या सरावाला दुसरा लॉट चालेल, पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी बदलू नका. बॅरलला आणि क्लिकला जुळायला वेळ द्या.

आपल्याकडे खरा शत्रू जून ते सप्टेंबर. खाडीकाठची दमट हवा शिशावर पांढरी भुकटी आणते. डबा हवाबंद खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या वेळोवेळी बदला. लाकडी किंवा प्लायच्या बंद कपाटात उघडे डबे ठेवू नका. लाकडातून आणि त्यातल्या गोंदातून निघणाऱ्या आम्लांच्या वाफा शिशाला खातात. स्टीलचं कपाट बरं. घामट हाताने मूठभर पेलेट उचलून पुन्हा डब्यात टाकणं बंद करा. त्या दिवसाला लागतील तेवढेच ट्रेमध्ये काढा.

पांढरी भुकटी आलेले पेलेट धुऊन, तेल लावून वाचवायला जाऊ नका. कारखान्यातलं वंगण निघून गेलं की तो तुमच्या चाचणीतला लॉट राहत नाही. ते पेलेट चालवूही नका आणि केरातही टाकू नका. रेंजच्या ट्रॅपमधलं शिसं ज्या भंगारवाल्याकडे जातं त्याच्याकडेच, बंद डब्यातून द्या.

## पुन्हा चाचणी कधी

लॉट संपला, रेग्युलेटर किंवा सील बदलले, बॅरल काढून बसवलं, किंवा वेगाची सेटिंग बदलली, तर पायरी ३ पासून पुन्हा. नुसतं बॅरल साफ केलं असेल तर २० ते ३० शॉट सोडून पायाचे तीन ग्रुप पुरेत. जुने कार्ड फेकू नका. त्यांवर तारीख, लॉट, दाब आणि रायफलचा क्रमांक असेल, तर पुढच्या वेळी दुकानदाराकडे आलेल्या दहा लॉटपैकी कोणते सहा मागवायचे ते त्यांवरूनच ठरवता येईल.